तोंडी परीक्षेतली शाळा



ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे त्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. मी त्यांना आयुष्यभर ‘गुरुजी’ याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. आजही तसेच करण्याची मुभा असावी. निमंत्रणाचे पत्र आले तेव्हा महमूद गवानाच्या मदरशावर बोलावे, असे माझ्या मनात होते. 1472 मध्ये बांधलेली ती तीन मजली वास्तू, तिच्यातील ग्रंथालय, शिक्षक व विद्यार्थी यांच्यासाठी केलेल्या खोल्या, पुढे औरंगजेबाच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटात तिचा ढासळलेला अर्धा भाग, या साऱ्याविषयी बीदरच्या माणसाला बोलायला कधीच कमी पडत नाही. माझा धंदा इंग्रजी शिकवण्याचा आणि नाद इतिहासाचा. तेव्हा तो विषय सोयीचाही होता. पण मध्यंतरी घरात एक लहानशी गोष्ट घडली आणि माझा विषय बदलला.

माझी नात नववीत आहे. ती इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेत जाते. इंग्रजी संभाषणाच्या चाचणीसाठी शाळेने दिलेला प्रश्नांचा कागद घेऊन ती माझ्याकडे आली. ‘तुमच्या शाळेचे तीन नियम सांगा. त्यांपैकी कोणता तुम्हांला पटत नाही, आणि का? तुमच्या एखाद्या शिक्षकाविषयी दोन मिनिटे बोला.’ ती म्हणाली, “आबा, तुम्ही इंग्रजीचे मास्तर होता ना? मला दहा वाक्यं लिहून द्या. मी पाठ करते.” मी चष्मा लावला, पेन उघडले आणि पहिल्याच वाक्याशी अडलो. पस्तीस वर्षे मी हीच दहा वाक्ये मुलांना लिहून देत आलो होतो. ‘माय स्कूल इज व्हेरी ब्युटिफुल. माय टीचर इज व्हेरी काइंड.’ शाळा गळकी असली तरी ‘ब्युटिफुल’, आणि शिक्षक कसेही असले तरी ‘काइंड’. प्रश्न मात्र तसा नव्हता. न पटणारा नियम कोणता, असे त्यात विचारले होते.

शाळेचे नियम आणि शाळेचे शिक्षक यांविषयी परक्या भाषेत बोलायला लावणारी ही परीक्षा आपल्याकडे नवी नाही. ती कोणी घेतली, कोणत्या भाषेत घेतली, आणि मिळालेल्या उत्तराचे पुढे काय झाले, एवढाच इतिहास मी आज सांगणार आहे. आपल्या सीमाभागातील माणसाला तो इतरांहून जरा जवळचा वाटेल.

प्रारंभ गुरुजींपासूनच करतो. ही हकिकत त्यांनी मला अनेकदा सांगितली. काळ निजामी राजवटीचा, 1930 नंतरचा. गुरुजी तेव्हा भालकीकडच्या एका खेड्यात शिकत होते. खालच्या वर्गांत मराठीची मुभा होती, पण पुढची सारी वाट उर्दूची होती. एके दिवशी तालीमात खात्याचे तपासनीस शाळा पाहण्यास आले. शेरवानी, रुमी टोपी, हातात छडी. मुले भिंतीला पाठ लावून उभी. साहेबांनी गुरुजींकडे बोट करून विचारले, “तुम्हारे मदरसे का कायदा क्या है?” उर्दूत ‘कायदा’ म्हणजे नियम, पण मुळाक्षरांच्या पहिल्या पुस्तकालाही ‘कायदा’च म्हणतात, आणि नऊ वर्षांच्या पोराला तेवढाच अर्थ ठाऊक होता. त्याने दप्तरात हात घातला, फाटक्या मलपृष्ठाचे उर्दूचे पहिले पुस्तक बाहेर काढले आणि अदबीने साहेबांपुढे धरले. तपासनीसांना वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. शाळेच्या पंतोजींना सर्वांदेखत बोलणी बसली आणि शेऱ्याच्या वहीत ‘मुलांना शिस्तीचे नियम ठाऊक नाहीत’ अशा अर्थाचे एक वाक्य पडले.

गुरुजी ही गोष्ट हसत सांगत. शेवटी मात्र म्हणत, “माझं उत्तर बरोबर होतं रे. त्यांचा प्रश्नच दोन अर्थांचा होता.”

या एका शब्दामागे त्या राज्याचे सारे शैक्षणिक धोरण उभे होते. 1880 च्या दशकात हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. 1917 च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची स्थापना जाहीर झाली आणि दुसऱ्याच वर्षी ते सुरू झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे ते हिंदुस्थानातील पहिले विद्यापीठ, आणि या बाबतीत त्याला श्रेय दिलेच पाहिजे. वैद्यक, गणित, विज्ञान या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी तेथे स्वतंत्र भाषांतरखाते होते. इंग्रजी माध्यमाशिवाय विद्या नाही, हा समज त्याने खोटा ठरवला. पण ती देशी भाषा संस्थानातील बहुसंख्य लोकांच्या घरची नव्हती. तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांना उर्दूही शिकूनच घ्यावी लागे, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय तर तिच्याही पलीकडे होता. म्हणजे आपल्याकडच्या मुलाच्या आणि तपासनीसाच्या मध्ये दोन भाषांचे दोन उंबरठे असत.

खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. ‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकाचा जाच सभा-संमेलनांना होता. अशा काळातही गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी या 1907 मधल्या संस्था टिकून राहिल्या. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, स्वामी रामानंद तीर्थांनी शिक्षक म्हणून काम केले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व ज्यांनी केले ते मुळात शाळामास्तर होते, ही गोष्ट आपण पुरेशी लक्षात घेत नाही. शाळेचा नियम कोणी करावा, हा प्रश्न त्यांना वर्गात भेटला होता.

नियमाविषयी बोलण्याची किंमत किती असू शकते, हे 1938 साली दिसले. उस्मानियाच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, अधिकाऱ्यांनी बंदी घातली, विद्यार्थी हटले नाहीत. त्यांची नावे पटावरून कमी झाली. नागपूर विद्यापीठाने दार उघडले म्हणून अनेकांचे शिक्षण पुढे चालले, पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. औरंगाबाद व गुलबर्गा येथील विद्यार्थ्यांतही ही चळवळ पोचली होती. गुरुजी तेव्हा वरच्या वर्गात होते. ते चळवळीत नव्हते, हेही त्यांनी कधी लपवले नाही. वडील वारलेले, घरी दोन धाकट्या बहिणी. “मी नियम पाळला,” एवढेच ते म्हणत, आणि त्या वाक्यात अभिमान नसे, तसे रडगाणेही नसे.

आता निजामाच्या हद्दीबाहेर आणि आणखी पन्नास-साठ वर्षे मागे जाऊ. शाळा आणि शिक्षक यांविषयी एका मराठी माणसाने इंग्रजीतून दिलेले सर्वांत मोठे उत्तर तेथे सापडते. 1882 साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्यापुढे जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी पुण्याहून आपले निवेदन दिले. ते इंग्रजीत होते. मी इंग्रजीचा शिक्षक असूनही वयाच्या पन्नाशीपर्यंत ते मूळ भाषेत वाचले नव्हते, याची मला आज लाज वाटते. आम्ही वर्गात ‘माझे आवडते शिक्षक’ या विषयावर इंग्रजी निबंध लिहवून घेत होतो. आणि शिक्षक कसा असावा, त्याला किती पगार असावा, तो कोणत्या समाजातून यावा, हे एका मराठी शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी त्याच भाषेत सरकारला लिहून दिले होते.

त्या निवेदनातला मोकळेपणा पाहण्यासारखा आहे. जोतीराव आधी आपला अनुभव सांगतात. आपण शाळा काढल्या, चालवल्या, स्वतः शिकवले. मग ते सरळ मुद्द्याला हात घालतात. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. खेड्यातील शाळांचे शिक्षक जवळजवळ सर्व एकाच जातीचे, बहुतेक अप्रशिक्षित, पगार फार तर दहा रुपये. त्यांनी मागितले ते असे: शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, ते प्रशिक्षित असावेत, पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा किंवा वीस असावा. गावात त्याला मान मिळावा म्हणून गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपालाचे काम अशी जबाबदारीही त्याच्याकडे द्यावी. मुलांना मोडी व बालबोध वाचन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची मूलतत्त्वे, नीती आणि आरोग्य शिकवावे.

आणि तपासणीविषयी? माझ्या आजच्या विषयाशी हा भाग सर्वांत जवळचा आहे. डेप्युटी साहेब वर्षातून एकदा येऊन जातात, त्याचा फारसा उपयोग नाही, असे जोतीराव म्हणतात. निदान दर तिमाहीला तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता शाळेला भेट द्यावी. ज्याने तपासनीसाच्या स्वागतासाठी शाळा सारवलेली, भिंती रंगवलेल्या आणि मुले नवे कपडे घालून बसलेली पाहिली आहेत, त्यालाच हे वाक्य सुचते. वर्दी देऊन घेतलेल्या परीक्षेत पाठ केलेले उत्तर मिळते, हे जोतीरावांनी पुरते ओळखले होते.

याच फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त 1855 साली छापून आला. वय जेमतेम चौदा. मांग-महारांची दुःखे तिने त्यात मांडली आणि धर्माच्या नावाने चाललेल्या अन्यायाला थेट प्रश्न विचारले. तिने ते मराठीत लिहिले. शाळेतल्या मुलीने स्वतःच्या बुद्धीने स्वतःच्या जगाविषयी बोलावे, अशी मुभा तिला तिच्या शिक्षकांनी दिली होती, आणि तिच्या भाषेतच दिली होती. तिला हाच निबंध इंग्रजीत लिहायला सांगितला असता तर आपल्या हाती काय लागले असते, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

या प्रश्नाचे एक उत्तर दूरच्या वेल्स देशात मिळते. तेथील शिक्षणाची चौकशी करण्यासाठी इंग्लंडच्या सरकारने तीन आयुक्त पाठवले. तिघांनाही वेल्श भाषा येत नव्हती. त्यांनी व त्यांच्या सहायकांनी वेल्श बोलणाऱ्या मुलांना बहुतेक इंग्रजीतून प्रश्न विचारले, मुले गप्प राहिली किंवा भलतेच बोलली, आणि 1847 च्या अहवालात ती मुले अडाणी, आळशी, नीतिभ्रष्ट ठरली. अहवालाची बांधणी निळ्या पुठ्ठ्याची होती. वेल्श लोक आजही त्याला ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतात. गुरुजींच्या ‘कायद्या’ची गोष्ट मी या अहवालाविषयी वाचल्यावर त्यांना पुन्हा विचारली होती. तेव्हा ते फार थकले होते. वेल्सची हकिकत ऐकून म्हणाले, “म्हणजे तिकडंही आमचे तपासनीस पोचले होते म्हणायचे.”

1956 च्या 1 नोव्हेंबरला बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे, नारायणखेड आंध्राकडे, आणि आपण म्हैसूर राज्यात. त्याच वर्षीच्या घटनादुरुस्तीने कलम 350 अ आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी, असे ठरले. कागदावर उर्दूचा उंबरठा गेला, कन्नडचा आला. इंग्रजीचा होता तेथेच राहिला. मैलूर आता बीदर शहरात मिसळून गेले आहे, पण माझ्या लहानपणी इथला पोर घरी मराठी, गल्लीत दखनी, बाजारात कन्नड बोले, आणि चौथ्या भाषेत नापास होई.

ती चौथी भाषा शिकवायची कशी, याविषयी वाद जुना आहे. एक पंथ भाषांतराचा. तर्खडकरांच्या पाठमालांनी महाराष्ट्राच्या तीन-चार पिढ्यांना इंग्रजी शिकवले, आणि त्यातल्या वाक्यांची कितीही थट्टा झाली तरी ते ऋण मोठे आहे. दुसरा पंथ प्रत्यक्ष पद्धतीचा. वर्गात देशी भाषेचा शब्दही नको म्हणणारा. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील पी. सी. रेन यांनी 1911 मध्ये या पद्धतीचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. हेच गृहस्थ पुढे ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहून जगप्रसिद्ध झाले. त्या कादंबरीचे वाचक पुष्कळ, पण तिच्या लेखकाने हिंदी शाळांसाठी केलेला खटाटोप कोणास आठवत नाही. प्रत्यक्ष पद्धतीत तथ्य आहे. बोलूनच बोलणे येते. परंतु आपल्या शाळांत ती आली तेव्हा तिच्यातले बोलणे गळाले आणि बंदी तेवढी उरली. ‘तासाला मराठी बोलल्यास दंड’ हा नियम पुष्कळ ठिकाणी लागला. मुलांनी त्यावर सोपा तोडगा काढला: ती बोलेनाशी झाली.

गुरुजींचा मार्ग या दोहोंहून निराळा होता आणि त्यांनी तो कोठे वाचलेला नव्हता. 1963 साली मी त्यांच्या वर्गात होतो. तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते एक तास मोकळा ठेवत. प्रश्न इंग्रजीत फळ्यावर लिहीत आणि म्हणत, “आज ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत उत्तर.” कोणी मराठीत बोले, कोणी कन्नडात, आमच्या वर्गात दोन मुले दखनीत बोलत, आणि तीच सर्वांत मजेदार बोलत. एकदा प्रश्न होता, शाळेचा कोणता नियम तुम्ही बदलाल? एक जण म्हणाला, उशीर झाला की उन्हात उभे करतात ते बदला. मी उशिरा येतो कारण म्हशीची धार काढून यावे लागते. गुरुजींनी ते उत्तर नीट ऐकले, ‘धार काढणे’ला इंग्रजी शब्द कोणता ते वर्गाला शोधायला लावले, आणि त्या एका मुलाच्या उत्तरातून आम्ही ‘बिकॉज’ शिकलो. कारण देणारा शब्द कारण असलेल्या मुलाकडून शिकावा, असा त्यांचा हिशेब असावा. त्या मुलाला पुढे कधी उन्हात उभे केल्याचे मला आठवत नाही, पण नियम कागदोपत्री बदलला की काय, हे मी सांगू शकत नाही.

अशा गुरूचा शिष्य म्हणून मी कसा निघालो, ते आता सांगितले पाहिजे. स्मृतिव्याख्यानात वक्त्याने स्वतःची चूक सांगावी, असा शिरस्ता नाही. पण गुरुजी समोर बसले असते तर त्यांनी ती काढून घेतलीच असती.

सीमेपलीकडील एका शाळेत मी नोकरीला होतो. 1987 च्या सुमाराची नववीची सहामाही परीक्षा. तोंडी परीक्षेला मी आणि शेजारी मुख्याध्यापक. मुले एकामागून एक येत आणि ‘माय स्कूल’ची दहा वाक्ये म्हणून जात; चौथ्या वाक्याला अडखळलेला मुलगा पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मलाही कंटाळा आला होता. मधेच एका मुलाला मी न ठरवलेला प्रश्न विचारला: शाळेचा एखादा नियम सांग. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “रूल इज, नो ड्रिंकिंग वॉटर इन पीरियड. टीचर ड्रिंकिंग टी.”

एवढीच दोन वाक्ये. उन्हाळी वारे, पत्र्याचे छप्पर, तासाला पाणी पिण्यास मनाई, आणि शिपाई वर्गात चहाचा कप घेऊन येणार, हे सारे त्यात आले होते. मी काय केले? ‘टीचर’च्या पुढे ‘इज’ नाही म्हणून गुण कापले. वीसपैकी सहा. त्याच्या आधीच्या, शाळा ‘ब्युटिफुल’ असल्याचे न चुकता म्हणणाऱ्या मुलाला सतरा. मुख्याध्यापक हसले, पण संध्याकाळी त्या मुलाला कार्यालयात बोलावणे गेले. आत काय झाले ते मी विचारले नाही. मी तेथे होतो, तो प्रश्न माझा होता, आणि मी घरी निघून गेलो. वर्षअखेरपर्यंत तो मुलगा माझ्या तासाला इंग्रजीत एक शब्द बोलला नाही. टेबलावरचा तो चहाचा कप कोणाचा होता, हेही सांगून टाकतो. माझा.

त्या गोष्टीनंतर मी गुरुजींना भेटलो तेव्हा हे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, “त्याचं इंग्रजी तुला कळलं होतं ना?” मी होय म्हणालो. “मग गुण कसले कापलेस?”

याचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात मिळते, पण ते त्यांना द्यायला माझी जीभ उचलली नाही. आज जगात इंग्रजी संभाषणाच्या ज्या मोठ्या परीक्षा घेतल्या जातात, त्यांचाही अनुभव याच दिशेचा आहे. परदेशी जाणाऱ्या आपल्या परिचारिका आणि अभियंते जी आयईएलटीएस परीक्षा देतात, ती 1989 पासून चालू आहे. तिची तोंडी चाचणी अकरा ते चौदा मिनिटांची. मध्ये एक चिठ्ठी मिळते, एक मिनिट विचाराला, मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचे. आणि नंतर परीक्षक त्याच विषयावर मत विचारतो. शाळा आणि शिक्षक हे तेथील नेहमीचे विषय. व्याकरणाला गुण असतात, पण ते चार कसोट्यांपैकी एका कसोटीचे; ओघ, शब्दसंपत्ती आणि उच्चार यांच्या तीन कसोट्या निराळ्या. पाठ केलेले उत्तर ओळखण्यास परीक्षकांना शिकवलेले असते. आपली कित्येक मुले तेथे अडतात ती शब्दांपाशी अडत नाहीत. तुझे मत काय, असे त्यांना शाळेत कोणी विचारलेलेच नसते.

महाराष्ट्रात तोंडी परीक्षेचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. दहावीला भाषाविषयांत शाळेने द्यायचे वीस गुण असत. ते फार सढळ हाताने दिले जातात, अशी तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. म्हणून 2018–19 या वर्षी ते काढून टाकण्यात आले. 2018 मध्ये 89.41 टक्के असलेला राज्याचा निकाल 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षापासून ते गुण परत आले. या गदारोळात बारा टक्के निकालाची चर्चा घरोघर झाली. तोंडी परीक्षेत मुले नेमके काय बोलतात, याची चर्चा माझ्या वाचनात आली नाही. गुण काढणाऱ्यांनाही आणि परत देणाऱ्यांनाही ते वीस गुण लेखी परीक्षेच्या ताटातले लोणचे वाटत होते.

आपल्या कर्नाटकातही भाषेच्या प्रश्नावर नियम आले आणि गेले. 1994 च्या आदेशाने प्राथमिक चार इयत्ता मातृभाषेत किंवा कन्नडमध्ये असाव्यात असे ठरले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने माध्यमाची निवड पालकांची मानली. पालकांनी काय निवडले ते माझ्या घरातच दिसते आहे. त्यांना मी दोष देत नाही. नातीला इंग्रजी माध्यमात घालताना माझेही मत विचारले होते आणि मीही मान हलवली होती.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्ही गोष्टींना मनाई केली. उन्हात उभे करणे त्यात बसते. तासाला पाणी पिऊ न देणेही बसावे, असे मला वाटते. तरी शाळेचे नियम सांग म्हटल्यावर मूल अजून घाबरते, कारण ते नियम ज्यांनी केले त्यांच्यापुढेच ते सांगायचे असतात. जोतीरावांपुढे निदान आयोग बसला होता. त्यांच्या पगाराचा किंवा गुणांचा धनी तो नव्हता.

तर, नातीच्या कागदाकडे परत येतो. मी दहा वाक्ये लिहून दिली नाहीत. तिला म्हटले, आधी मला मराठीत सांग. ती रुसली, मग पलंगावर बसून पाय हलवीत बोलू लागली. तिच्या आवडत्या बाई गणिताच्या आहेत. त्या फळ्यावर चुकल्या की मुलांना ‘चुकले’ म्हणतात आणि पुसतात, म्हणून त्या आवडतात. हे मला फार चांगले वाटले. नियमांपैकी तिला न पटणारा एकच होता: शाळेच्या आवारात, मधल्या सुटीतसुद्धा, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलल्यास दहा रुपये दंड. तिची एक मैत्रीण कन्नड, एक उर्दू बोलणारी. पाचवीपर्यंत तिघी आपापल्या भाषांची सरमिसळ करून खेळत. “आता आम्ही सुटीत डबा खातो आणि गप्प बसतो,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने विचारले, “आबा, हे सांगितलं तर मार्क कापतील का?”

मी तिला वेल्सची गोष्ट सांगितली नाही, मुक्ता साळवेचीही नाही. ‘कायद्या’ची गोष्ट तेवढी सांगितली. ती पोट धरून हसली आणि तिने वहीत स्वतःच इंग्रजीत चार वाक्ये लिहिली. तिसऱ्या वाक्यात क्रियापद राहून गेले होते. चाचणी येत्या गुरुवारी आहे. ते क्रियापद मी घालून दिले. बाकीची वाक्ये तिने लिहिली तशीच ठेवली आहेत.